उत्तर अमेरिकेतील फीतसर्प : नामकरण, वर्गीकरण व अधिवास – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सर्पविषयक लेखनाच्या इतिहासात विषारी सापांना नेहमीच अग्रस्थान मिळालेले दिसते. युरोपीय वैद्य, लष्करी शल्यचिकित्सक व वसाहतींतील अधिकारी यांनी सापांकडे प्रथम पाहिले ते मृत्यूचे एक कारण म्हणून. जोसेफ फेअरर यांचा भारतातील सापांवरील १८७२ चा प्रसिद्ध ग्रंथ विषारी सापांनाच वाहिलेला आहे, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. जो साप माणसाला मारत नाही, ज्याच्या कातड्याला वा विषाला बाजारभाव नाही, त्याचा अभ्यास कोण, केव्हा व कशासाठी करतो, हा प्रश्न विज्ञानाच्या इतिहासकारापुढे क्वचितच येतो.

उत्तर अमेरिकेत ‘रिबन स्नेक’ या नावाने ओळखला जाणारा साप या प्रश्नाच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण ठरतो. प्रस्तुत निबंधात त्यास ‘फीतसर्प’ असे संबोधले आहे. हा साप बिनविषारी, सडपातळ व भित्रा आहे. त्याला शास्त्रीय नाव मिळाले १७६६ मध्ये. तो काय खातो, कोठे वावरतो व आपल्या शेजारच्या सापांपासून वेगळा कसा जगतो याचा पद्धतशीर तुलनात्मक अभ्यास मात्र १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या दोन घटनांत १८६ वर्षांचे अंतर आहे. नाव देण्यास बाटलीतील एखादा नमुना पुरेसा होतो. जीवनक्रम समजून घेण्यास मात्र त्या प्राण्याच्या भूमीवर वर्षानुवर्षे जावे लागते. हे अंतर का पडले आणि त्याची किंमत कोणाला द्यावी लागली, याचा मागोवा घेणे हा या निबंधाचा हेतू आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

फीतसर्पाचा परिचय

फीतसर्पाच्या दोन जाती मानल्या जातात. पूर्वेकडील जाती थॅम्नोफिस सौरिटा ही कॅनडाच्या दक्षिण ऑन्टॅरिओपासून व मेन राज्यापासून फ्लोरिडापर्यंत आढळते. पश्चिमेकडील जाती थॅम्नोफिस प्रॉक्सिमस ही मिसिसिपी नदीच्या खोऱ्यापासून टेक्सास व मेक्सिकोमार्गे मध्य अमेरिकेतील कोस्टा रिकापर्यंत पसरली आहे. थॅम्नोफिस या प्रजातीत तीसहून अधिक जाती असून त्यांतील बहुतेकांना ‘गार्टर स्नेक’ हे सामान्य नाव आहे.

प्रौढ फीतसर्पाची लांबी सर्वसाधारणपणे अर्धा ते पाऊण मीटर असते. तपकिरी वा काळसर अंगावर पाठीच्या मध्यभागी एक आणि दोन्ही बाजूंना एकेक असे तीन फिकट पिवळे पट्टे डोक्यापासून शेपटीकडे जातात. फितीसारख्या या पट्ट्यांवरूनच त्याला लोकनाम मिळाले. एकूण लांबीचा सुमारे तिसरा हिस्सा शेपटीचा असतो. डोळ्याच्या पुढील बाजूस एक फिकट उभी खूण असते. हा साप तळी, दलदली व संथ ओढे यांच्या काठाने राहतो, पाण्यावर झुकलेल्या झुडपांवर ऊन घेतो आणि चाहूल लागताच पाण्यात उतरून पृष्ठभागावरूनच काठाकाठाने पोहत जातो. बेडूक, बेडकांची पिले, सॅलॅमँडर व लहान मासे हे त्याचे अन्न होय. उत्तरेकडील प्रदेशात तो हिवाळा शीतनिद्रेत घालवितो, वसंतात मीलन होते आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात मादी अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देते.

हा परिच्छेद आज सहज लिहिता येतो. परंतु त्यातील बहुतेक विधानांच्या मागे फार संथ गतीने झालेले काम आहे.

केट्सबी आणि लिनियस

‘रिबन स्नेक’ हे नाव छापील ग्रंथात रुजविणाऱ्यांत इंग्रज निसर्गअभ्यासक मार्क केट्सबी (१६८३–१७४९) याचा वाटा महत्त्वाचा आहे. १७१२ ते १७१९ या काळात तो व्हर्जिनियात होता आणि १७२२ पासून त्याने कॅरोलायना व त्यालगतच्या प्रदेशात भ्रमंती केली. कॅरोलायना, फ्लोरिडा व बहामा बेटांच्या निसर्गेतिहासावरील त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७३१ चा, तर दुसरा १७४३ चा आहे. कोरीव चित्रे इतरांकडून करून घेणे परवडत नसल्याने त्याने ती कला स्वतः शिकून घेतली. त्याच्या ग्रंथातील चित्रांची संख्या २२० आहे. दुसऱ्या खंडातील सापांत फीतसर्प आढळतो.

केट्सबीच्या कामाचे एक वैशिष्ट्य असे की, तो प्राण्याला वनस्पतीच्या सान्निध्यात रेखाटीत असे. त्याच्या प्रवासात स्थानिक मूलनिवासींचे साहाय्य त्याला मिळाले. रंग, कागद व गोळा केलेल्या वस्तूंची पेटी वाहून नेण्यासाठी त्याने एका मूलनिवासी माणसास सोबत घेतले होते आणि त्यांच्या आदरातिथ्याचा व साहाय्याचा त्याने प्रस्तावनेत उल्लेखही केला आहे. मात्र त्या वाटाड्याचे नाव ग्रंथात नाही. सापाला नाव देणाऱ्या परंपरेत साप दाखविणारा माणूस अनामिक राहिला, ही बाब वसाहतकालीन निसर्गेतिहासाच्या स्वरूपावर प्रकाश टाकते.

स्वीडनचा कार्ल लिनियस (१७०७–१७७८) अमेरिकेत कधी गेला नाही. त्याच्याकडे दूरदेशींचे नमुने व पत्रे येत. कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे वैद्यकी करणारा अलेक्झांडर गार्डन हा त्याचा एक प्रमुख पत्रलेखक होता. ‘गार्डेनिया’ ही वनस्पती याच गार्डनच्या नावाने ओळखली जाते. ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या बाराव्या आवृत्तीत, १७६६ मध्ये, लिनियसने फीतसर्पास कोल्युबर सौरिटा असे नाव दिले व त्याचे वसतिस्थान कॅरोलायना असे नोंदविले. सापांची ओळख पटविण्यासाठी पोटावरील व शेपटीखालील खवल्यांची संख्या मोजण्याची त्याची पद्धत होती. ही पद्धत नेमकी व सुटसुटीत होती, कारण मद्यार्कात रंग उडाला तरी खवले राहतात. परंतु तिच्यामुळे सापाचे वर्णन म्हणजे दोन आकडे व एकदोन ओळी असे समीकरण रूढ झाले. केट्सबीच्या चित्रातील झाडझुडूप या वर्णनातून वगळले गेले.

मिसुरी नदीकाठचा ‘निकटवर्ती’

यानंतरची महत्त्वाची घटना घडली ती पश्चिमेकडील विस्ताराच्या काळात. १८१९ मध्ये अमेरिकेच्या शासनाने मेजर स्टीफन लाँग यांच्या नेतृत्वाखाली रॉकी पर्वतापर्यंतच्या प्रदेशाची पाहणी करण्यासाठी मोहीम पाठविली. फिलाडेल्फियाचा कीटकशास्त्रज्ञ टॉमस से (१७८७–१८३४) हा या मोहिमेचा प्राणिशास्त्रज्ञ होता. १८१९–२० चा हिवाळा या मंडळींनी आजच्या नेब्रास्का राज्यात, मिसुरी नदीच्या काठी असलेल्या छावणीत काढला. त्या परिसरात मिळालेल्या एका पट्टेरी सापाचे वर्णन एडविन जेम्स यांनी संपादित केलेल्या व १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोहीमवृत्तांतात आले. से याने त्याला कोल्युबर प्रॉक्सिमस असे नाव दिले.

‘प्रॉक्सिमस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘निकटवर्ती’ असा आहे. लिनियसच्या सौरिटाशी हा साप अगदी मिळताजुळता आहे, तरीही तो नव्हे, हे से याने नावातच सांगून टाकले. परतीच्या प्रवासात तिघा सैनिकांनी पलायन करताना से याच्या नोंदवह्या पळविल्या आणि त्या पुन्हा हाती आल्या नाहीत. अशा परिस्थितीत त्याचे जे लेखन वाचले त्यात हा साप आहे. नकाशे, नद्या, दळणवळण व संरक्षण हे मोहिमेचे विषय होते. साप हा तिचा आनुषंगिक लाभ होता आणि म्हणून त्याच्या जीवनक्रमासाठी छावणीत थांबणारे कोणी नव्हते.

प्रजातीच्या नावाचा वाद

१८४३ मध्ये व्हिएन्ना येथील लिओपोल्ड फिट्झिंगर याने थॅम्नोफिस ही नवी प्रजाती मांडली व फीतसर्प हीच तिची आदर्श जाती ठरविली. ग्रीक भाषेतील या नावाचा अर्थ ‘झुडपातील साप’ असा होतो. याचा परिणाम असा की, आज या प्रजातीत मोडणाऱ्या सर्व गार्टर सापांचे प्रजातीनाम शास्त्रीयदृष्ट्या फीतसर्पाला बांधले गेले आहे.

अमेरिकेत मात्र दुसरेच नाव प्रचलित झाले. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेचे स्पेन्सर बेअर्ड व शार्ल जिरार यांनी १८५३ मध्ये उत्तर अमेरिकेतील सापांची सूची प्रसिद्ध केली व या सापांसाठी ‘युटेनिया’ हे नाव योजले. त्याचा अर्थ ‘सुंदर फीत’ असा होता. या काळात सीमापाहणी व रेल्वेमार्गांच्या सर्वेक्षणांतून सापांचे नमुने मोठ्या संख्येने संस्थेकडे येऊ लागले होते. रॉबर्ट केनिकॉट याने १८५९ मध्ये फ्लोरिडातील फीतसर्पाचे वर्णन केले. पुढे अग्रक्रमाच्या नियमानुसार, म्हणजे आधी दिलेले नाव ग्राह्य या तत्त्वानुसार, ‘युटेनिया’ मागे पडले. १९०८ मध्ये अलेक्झांडर रुथव्हेन यांनी गार्टर सापांच्या विविधतेवर जो प्रबंध लिहिला त्यात थॅम्नोफिस हेच नाव आहे.

यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न पुढे आला तो १९४८ मध्ये. सान दिएगो येथील लॉरेन्स क्लॉबर हे व्यवसायाने विद्युत अभियंता आणि खुळखुळ्या सापांचे थोर अभ्यासक. लिनियसने अमेरिकन सापांना दिलेली नावे त्यांनी मूळ वर्णनांशी ताडून पाहिली. लिनियसने १७५८ मध्ये ज्याला कोल्युबर सिर्टालिस म्हटले आणि ज्या नावाने सर्वत्र सामान्य गार्टर साप ओळखला जात होता, त्याचे मूळ वर्णन फीतसर्पाशीच अधिक जुळते, असे त्यांनी दाखवून दिले. हा निष्कर्ष अग्रक्रमाच्या नियमाने अमलात आणला असता तर गार्टर सापाचे नाव फीतसर्पाकडे गेले असते आणि जवळजवळ दोनशे वर्षांच्या लेखनात गोंधळ माजला असता. अखेर प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५६ मध्ये आपले विशेषाधिकार वापरून रूढ वापर कायम ठेवला. बाटलीतील सापाच्या दोन आकड्यांवर उभारलेली ओळख किती डळमळीत असू शकते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

क्षेत्रीय अभ्यासाचा आरंभ

नावाचा हा वाद चालू असतानाच मिशिगन राज्यात वेगळ्या प्रकारचे काम चालू होते. चार्ल्स कार्पेंटर यांनी एकाच परिसरात एकत्र राहणाऱ्या तीन सापांचा, म्हणजे सामान्य गार्टर साप, बटलरचा गार्टर साप व फीतसर्प यांचा, तुलनात्मक अभ्यास केला आणि तो १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. साप पकडणे, त्यास कायमची खूण करणे, सोडून देणे आणि तोच साप पुन्हा सापडल्यास वाढ, ठिकाण व अन्न यांची नोंद घेणे अशी ही पद्धत होती.

दिसायला इतके सारखे असलेले तीन साप एकाच गवतात राहतात, तर त्यांच्यात अन्नासाठी स्पर्धा का होत नाही, असा त्यामागील प्रश्न होता. उत्तर अन्नातच मिळाले. बटलरचा साप व सामान्य गार्टर साप यांच्या आहारात गांडुळांचे प्रमाण मोठे होते. फीतसर्प मात्र गांडुळांच्या वाटेस गेला नाही. त्याचे अन्न बहुतांशी बेडूकवर्गीय प्राण्यांचे होते. तो पाण्याच्या अधिक जवळ राहणारा व झुडपांवर चढणारा असल्याचेही स्पष्ट झाले. सडपातळ अंग, लांब शेपूट व पाण्याकाठचे वास्तव्य या गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत, हे यामुळे नीट समजू शकले. खवल्यांच्या मोजणीतून जे कधी कळले नसते ते हे होते की, फीतसर्पाचे अस्तित्व बेडकांवर आणि बेडकांचे अस्तित्व पाणथळ जागांवर अवलंबून आहे.

रॉसमन यांचे पुनरीक्षण

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील याद्यांत से याच्या प्रॉक्सिमसची गणना स्वतंत्र जाती म्हणून न होता सौरिटाची एक उपजाती म्हणून होऊ लागली होती. डग्लस रॉसमन यांनी १९६२ मध्ये प्रॉक्सिमस ही स्वतंत्र जाती असल्याचे प्रतिपादन केले व १९६३ मध्ये संपूर्ण गटाचे पुनरीक्षण प्रसिद्ध केले. पश्चिमेकडील सापाच्या माथ्यावरील दोन ठिपके ठळक असून एकमेकांना टेकलेले असतात. पूर्वेकडील सापात ते फिकट असतात वा नसतातच. वरच्या ओठावरील खवले पश्चिमेकडे सामान्यतः आठ, तर पूर्वेकडे बहुधा सात असतात. ज्या भागात दोन्ही जाती एकमेकींना भेटतात तेथेही त्या आपापले वेगळेपण राखून असतात, हा रॉसमन यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

येथे खवल्यांची मोजणी पुन्हा आली. पण ती एका नमुन्यापुरती नव्हती. निरनिराळ्या ठिकाणच्या अनेक नमुन्यांची तुलना आणि त्यांचा भौगोलिक विस्तार यांच्या आधारे निष्कर्ष काढला गेला. से याने १८२३ मध्ये एका शब्दात जे सुचविले होते त्यास १३९ वर्षांनी पुराव्याचा आधार मिळाला. नामकरणाची चर्चा त्यानंतरही थांबली नाही. ‘सौरिटस’ हे दीर्घकाळ रूढ असलेले रूप व्याकरणदृष्ट्या योग्य नसून लिनियसचे मूळ ‘सौरिटा’ हे नाम आहे, म्हणून ते बदलता येत नाही, असा मुद्दा २०१६ मध्ये मांडण्यात आला आणि २०१७ च्या अमेरिकन प्रमाणित यादीत मूळ रूप स्वीकारले गेले.

पाणथळ जागांचा ऱ्हास

नावे स्थिर होत असताना सापाच्या पायाखालची, किंबहुना पोटाखालची भूमी मात्र नाहीशी होत होती. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या टॉमस डाल यांच्या अहवालानुसार, अलास्का व हवाई वगळता उर्वरित ४८ राज्यांच्या भूभागावर १७८० च्या दशकात सुमारे २२.१ कोटी एकर पाणथळ भूमी होती. १९८० च्या दशकापर्यंत ती सुमारे १०.४ कोटी एकरांवर आली. म्हणजे दोनशे वर्षांत निम्म्याहून अधिक, ५३ टक्के, पाणथळ भूमी शेतीसाठी व वसाहतींसाठी आटविली गेली. फीतसर्पाच्या नामकरणाचा काळ आणि या ऱ्हासाचा काळ जवळजवळ एकच आहे. दलदल म्हणजे रोगराईचे व वाया गेलेल्या जमिनीचे ठिकाण, ही धारणा ज्या समाजात दृढ होती त्याच समाजातील संग्रहालयांत दलदलीतील सापांचे नमुने क्रमवार लावले जात होते.

समग्र विस्तार पाहता फीतसर्प आज जागतिक पातळीवर संकटग्रस्त मानला जात नाही. परंतु विस्ताराच्या कडेवर चित्र वेगळे आहे. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांताच्या नैर्ऋत्य भागात पूर्वेकडील फीतसर्पाची एक छोटी वसाहत मुख्य विस्तारापासून तुटलेली आहे. हिमयुगोत्तर उष्ण काळात ही जाती उत्तरेकडे पसरली व पुढे हवामान थंड झाल्यावर हा गट मागे राहिला असावा, असे अभ्यासक मानतात. कॅनडातील तज्ज्ञ समितीने २००२ मध्ये या गटास ‘धोक्यात आलेला’ असा दर्जा दिला. केजिमकुजिक राष्ट्रीय उद्यान व परिसरातील तळ्यांच्या काठी स्थानिक स्वयंसेवक या सापाच्या नोंदी ठेवतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन व इलिनॉय या राज्यांनीही पूर्वेकडील जातीस संरक्षित यादीत स्थान दिले आहे.

मात्र सापास यादीत स्थान देऊन भागत नाही, कारण प्रश्न तळ्याचा आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सॅकेट प्रकरणात, मोठ्या जलप्रवाहाशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळ जागांपुरतेच संघराज्याच्या जलकायद्याचे संरक्षण मर्यादित केले. एकाकी, हंगामी व लहान डबकी या संरक्षणाबाहेर गेली. बेडकांच्या प्रजननास नेमकी अशीच माशांचा उपद्रव नसलेली डबकी सोयीची असतात.

नानेटी : एक तुलना

महाराष्ट्रातील वाचकास फीतसर्पाचे वर्णन अगदीच अपरिचित वाटणार नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीस भातखाचरांच्या बांधावर दिसणारी नानेटी ही त्याच उपकुलातील आहे. तिच्या पाठीवरही दोन पिवळसर पट्टे असतात, तीही बिनविषारी असून मुख्यतः बेडकांवर जगते. तिलाही लिनियसनेच १७५८ मध्ये नाव दिले. महत्त्वाचा भेद असा की, नानेटी अंडी घालते, तर उत्तर अमेरिकेतील तिचे आप्त जिवंत पिलांना जन्म देतात.

अभ्यासाच्या इतिहासातही साम्य आहे. फेअररच्या ग्रंथात अशा सापांना जागा नव्हती. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात फ्रँक वॉल यांनी १९०५ पासून भारतातील सामान्य सापांवर जी लेखमाला लिहिली, तीत बिनविषारी सापांच्या सवयींना आणि आहाराला स्थान मिळाले. तरीही बांधावर दिसलेली नानेटी ‘साप’ म्हणूनच आजही मारली जाते. फीतसर्पासाठी मिशिगनमध्ये जे विचारले गेले, म्हणजे ती वर्षभरात किती फिरते, कोणत्या बेडकांवर जगते, खाचर बुजविल्यावर कोठे जाते, ते प्रश्न येथील महाविद्यालयांच्या परिसरातही विचारता येण्याजोगे आहेत. त्यासाठी खर्चिक प्रयोगशाळेची गरज नाही. दरवर्षी त्याच बांधावर जाण्याचे सातत्य मात्र हवे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. फीतसर्पाचे प्रारंभीचे ज्ञान वसाहत, लष्करी मोहीम व सर्वेक्षण यांच्या ओघात, आनुषंगिक म्हणून निर्माण झाले. त्यामुळे नाव व विस्तार यांची माहिती आधी आली आणि जीवनक्रमाची फार नंतर.

२. नमुन्यावर आधारलेले नामकरण आवश्यक असले तरी अपुरे ठरते. १९४८ ते १९५६ या काळातील सिर्टालिस–सौरिटा वाद याची साक्ष देतो.

३. कार्पेंटर यांच्या क्षेत्रीय अभ्यासाने व रॉसमन यांच्या पुनरीक्षणाने फीतसर्पाची ओळख अन्न, अधिवास व भूगोल यांच्या आधारावर उभी केली. संरक्षणाचे आजचे निर्णय अशाच ज्ञानावर अवलंबून आहेत.

४. अभ्यासास लागलेल्या विलंबाची किंमत सापाने दिली. त्याचे जगणे पाणथळ भूमीशी बांधलेले आहे हे सिद्ध होईपर्यंत त्या भूमीचा मोठा हिस्सा नष्ट झालेला होता.

निरुपद्रवी प्राण्याचा अभ्यास हा ज्ञानव्यवहारातील चैनीचा भाग नव्हे. जो प्राणी माणसाला भय दाखवीत नाही तो न कळताच नाहीसा होऊ शकतो, आणि त्याच्याबरोबर तळ्याकाठची एक संपूर्ण अन्नसाखळीही जाते. फीतसर्पाचा गेल्या अडीचशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो.